पाणक्यानं घाट जिंकला

त्या दिवशी तिला खरं तर दुसऱ्याच कुणाची वाट पाहायची होती.

घाटमाथ्यावर धुकं उतरलं होतं. शर्यतीच्या अंतिम रेषेपलीकडे, गळ्यात ओळखपत्र अडकवून, ती हात चोळत उभी होती. एरवी ती एका लॅबमध्ये लोकांच्या दंडातून रक्त काढायची. सायकल शर्यतींच्या दिवसांत मात्र उत्तेजक चाचणीच्या पथकात काम करायची. काम सोपं, पण चिवट. ज्या खेळाडूची चाचणी ठरेल त्याला रेषेवरच गाठायचं, आणि त्याचा लघवीचा नमुना बाटलीत बंद होईपर्यंत सावलीसारखं त्याच्या मागे राहायचं. घरी तिला सगळे ‘फौजदार’ म्हणत, ते काही उगाच नाही.

आज तिच्या वाट्याला विजेता आला होता, आणि विजेता कोण होणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं — गाद्या बनवणाऱ्या कंपनीच्या संघाचा कर्णधार. तिनं त्याचा फोटोही नीट बघून ठेवला होता. पण धुक्यातून बाहेर आला तो कुणी दुसराच. चिखलानं माखलेला, किडकिडीत, जिंकल्यावर हात वर करायचे असतात हेही विसरलेला. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक हातातल्या यादीत नाव शोधू लागला. मग म्हणाला, “हा तर... पाणक्या आहे.”

संघात त्याला याच नावानं ओळखत. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून कर्णधाराला पोचवायच्या, वारा अंगावर घेऊन त्याला आडोसा द्यायचा, आणि शेवटच्या चढावर बाजूला व्हायचं, हे त्याचं काम. त्या दिवशी कर्णधाराचे पाय चालेनात. त्यानं याला ‘तू हो पुढे’ म्हटलं आणि हा गेला तो गेलाच.

ती धावत पोचली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला सायकलसकट आडवा झाला होता. तिनं ओळखपत्र पुढे धरलं.

“तुमची चाचणी आहे. आत्तापासून माझ्या नजरेसमोरून हलायचं नाही.”

त्यानं एक डोळा उघडला. पापणीवर चिखल वाळला होता.

“हलायचं?” तो म्हणाला. “बाई, मला पाय आहेत की नाहीत तेवढं आधी सांगा...”

तिला हसू आलं. तिनं ते ओठांतल्या ओठांत दाबलं, पण त्यानं ते पाहिलं होतं.

बक्षीस समारंभात ती त्याच्या मागे उभी राहिली, मुलाखतींच्या वेळीही. दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या वर्तमानपत्रांत पाणक्याच्या खांद्याआडून एक गंभीर चेहरा डोकावत होता. आईनं तो फोटो शेजारी दाखवून आणला.

चाचणीची खोली म्हणजे एक पत्र्याची केबिन. प्लास्टिकच्या खुर्च्या, सीलबंद बाटल्यांनी भरलेला फ्रिज, आणि आतल्या दारापाशी वर्तमानपत्र वाचत बसलेले डॉक्टर. पुढचं काम त्यांच्या देखत व्हायचं होतं. पण त्या चढानं पाणक्याच्या अंगातला थेंबन् थेंब शोषून घेतला होता. काही केल्या नमुना होईना. तो पाणी पीत राहिला आणि ती समोर बसून राहिली. पत्र्यावर पावसाची भुरभुर वाजत होती.

“तेवढी बाटली द्याल?” त्यानं विचारलं.

“मला देता येत नाही. तुमची तुम्हीच निवडून उघडायची. नियम आहे.”

“अख्ख्या संघाला पाणी पाजलं... आणि आज मला पाजायला कुणी नाही.”

“जिंकलात ना. आता भोगा.”

डॉक्टरांनी वर्तमानपत्राआडून खाकरून घेतलं. दोघंही शाळेतल्या पोरांसारखी गप्प झाली. पण गप्प किती वेळ राहणार? हळूहळू तो बोलायला लागला. कंपनीनं त्यांच्या जर्सीच्या पाठीवर गादीचं चित्र छापलं होतं. एवढी मऊ गादी पाठीवर घेऊन फिरतो आणि हॉटेलातल्या टणक पलंगावर झोपतो, हे त्यानं इतक्या दुःखी चेहऱ्यानं सांगितलं की ती तोंड फिरवून हसली. मग त्यानं एकदम विचारलं, “तुम्हाला काय वाटतं... मी काही घेतलं असेल?”

“मला काही वाटून घ्यायचे पैसे मिळत नाहीत,” ती म्हणाली.

तो मान हलवून हसला. पण घरी परतताना तिला ते उत्तर बोचत राहिलं. तिचे बाबा एके काळी सायकल शर्यतींचे वेडे. त्यांचा लाडका विजेता एका संध्याकाळी टीव्हीवर ‘मी सगळी वर्षं औषधं घेत होतो’ असं निवांत सांगून गेला. बाबांनी टीव्ही बंद केला, आणि जेवले नाहीत. तेव्हापासून कुणीही जिंकलं तरी ते एवढंच म्हणत — काय घेतलं होतं म्हणे? ती या पथकात आली ती खरं म्हणजे त्या न जेवलेल्या बाबांमुळे.

त्यानंतर दोन-तीन शर्यतींत तो तिला दिसला. लांबून मान लववायचा. ती न पाहिल्यासारखं करायची, आणि मग दिवसभर आपण पाहिलं नाही याचीच आठवण काढत बसायची. पथकातल्या माणसानं खेळाडूशी ओळख ठेवायची नाही, हा नियम तिनं स्वतः नव्या मुलींना शिकवला होता. शिकवताना तो फार सोपा वाटला होता.

आणि मग बातमी फुटली. गाद्यांच्या संघाच्या कर्णधाराच्या रक्तात गडबड सापडली. कर्णधार म्हणाला, प्रयोगशाळेची चूक आहे. चौकशी लागली. गाद्यांच्या कंपनीनं कळवलं की चौकशीत काही निघालं तर आपण संघातून अंग काढून घेणार. आणि कंपनी गेली की संघ गेला, कारण सायकलींपासून बसच्या डिझेलपर्यंत सगळं तिच्याच जिवावर चाललं होतं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पाण्याच्या बाटल्या उचलणारा पोरगा घाट कसा जिंकला, असं जो तो विचारू लागला.

“बघ, तुझा पाणक्या,” बाबा चहा पिता पिता म्हणाले.

“माझा कशाला असेल?” ती म्हणाली, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात कप आपटून आत निघून गेली. आईनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी छताकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात, लॅब सुटायच्या वेळी, तो फाटकापाशी उभा दिसला. साध्या कपड्यांत तो आणखीच किडकिडीत वाटत होता. चेहरा तिनं फौजदाराचाच ठेवला.

“मला तुमच्याशी बोलता येणार नाही. आणि तुमच्या नमुन्याचं मला काही माहीत नसतं.”

“नमुन्याचं विचारायला आलोच नाही. तो स्वच्छ आहे हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “दुसरंच आहे... आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगावं, सुचलं नाही.”

समोरच्या बागेत पावसानं ओलावलेलं एक बाकडं होतं. तिनं रुमालानं ते पुसलं — अर्धंच. मग थोडं थांबून उरलेलं अर्धंही पुसलं. तो बसला.

अडखळत, थांबत त्यानं सांगितलं. घाट जिंकल्यानंतरच्या एका शर्यतीत तो बर्फ आणायला संघाच्या बसमध्ये चढला होता. मागच्या बाजूचा पडदा नीट ओढलेला नव्हता. कर्णधार आडवा पडला होता, संघाचे डॉक्टर शेजारी होते, आणि कोट अडकवायच्या खुंटीला, दम वाढावा म्हणून चोरून चढवतात तसली, रक्ताची पिशवी टांगलेली होती. यानं बर्फ घेतला आणि उतरला. आता चौकशीत प्रत्येकाला बोलावत होते. व्यवस्थापकांनी सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं की कुणी काही पाहिलेलं नाही, एवढं म्हटलं की कंपनी टिकेल. नाहीतर इतक्या घरांतल्या चुली विझतील आणि त्याचं पाप बोलणाऱ्याच्या माथी. मिस्त्रीकाकांचा तर जन्म या संघाच्या सायकली जोडण्यात गेला होता. आणि कर्णधार... त्यानं याला उतारावर वळणं घ्यायला शिकवली होती, धाकट्या भावासारखं सांभाळलं होतं.

झाडावरून थेंब ओघळत होते. एक त्याच्या मनगटावर पडला. तो पुसायचंही त्याला भान नव्हतं.

“तुम्ही स्वतः कधी काही घेतलंय?” तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. दुखावलेपण होतं, आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं.

“नाही,” तो म्हणाला. “पण तुम्हाला विचारावंसं वाटलं...”

“वाटणारच. न विचारता विश्वास ठेवलेलं एक माणूस आमच्या घरी आहे. त्याचं काय झालं ते मी पाहिलंय.” तिनं ओल्या रुमालाची घडी घातली. “मी विचारलं, तुम्ही सांगितलंत. आता विश्वास ठेवला. पुन्हा विचारणार नाही.”

त्यानं मान खाली घातली. कितीतरी दिवसांत त्याच्याशी कुणी इतकं सरळ बोललं नसावं.

“आणि पडद्यामागचं?”

“ते तुम्ही मला सांगायला नको होतं. मी पथकातली आहे, मला ते वर कळवणं भाग आहे.” ती उठली. “मी उद्या सकाळी मुख्य तपासनीस बाईंकडे जाणार. माझ्या आधी तुम्ही तिथं असावं... असं मला फार वाटतं.”

त्या रात्री तिला झोप लागली नाही. तो आला नाही तर आपणच त्याचं नाव सांगणार, आणि त्यानंतर त्याच्या समोर जायला आपल्याला तोंड उरणार नाही. आणि न सांगितलं तर बाबांसमोर उरणार नाही. एका बाजूला कर्तव्य, दुसऱ्या बाजूला तो चिखलातला डोळा. फौजदाराला पहिल्यांदाच आपल्या नावाचा वैताग आला.

सकाळी ती कार्यालयात पोचली तेव्हा दाराचं कुलूपही उघडलं नव्हतं. पायरीवर तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट, नीट विंचरलेले केस, परीक्षेला आल्यासारखा. तिला पाहून तो उठला. शेजारच्या पायरीवर, मध्ये एका माणसाची जागा सोडून, ती बसली.

तपासनीस बाईंनी त्याचा जबाब घेतला. तो बाहेर पडल्यावर ती आत गेली. बाकड्यावर त्यानं आपल्याला काय सांगितलं ते तिनं सगळं सांगितलं, आणि मग गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि कारण विचारलं. तिनं खूप शब्द जुळवून पाहिले. एकही धड जुळेना.

“कळलं,” बाई म्हणाल्या. “जाताना दार लावून घे.”

जे व्हायचं ते झालं. कर्णधारावर बंदी आली, डॉक्टर घरी गेले, आणि गाद्यांच्या कंपनीनं आठवडाभरात बसवरचं आपलं चित्र खरवडून नेलं. पाणक्याचे सगळे नमुने स्वच्छ निघाले, पण त्याचं कौतुक करायला कुणी आलं नाही. चुगलखोर म्हणून त्याला कुठलाच मोठा संघ दारात उभा करेना. काही जुन्या सोबत्यांनी रस्त्यात तोंड फिरवलं, आणि ते त्यानं समजून घेतलं. त्यांच्या घरात खरंच चणचण होती. मिस्त्रीकाका पहिला महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस स्वतःच निरोप धाडला — दुकान काढतोय, हाताखाली माणूस हवा, शिव्या खायची तयारी असेल तर ये.

दुकान तिच्या लॅबच्या वाटेवर नव्हतं. तरी तिची वाट तिथून जायला लागली. तिच्या जुन्या सायकलचा ब्रेक इतक्या वेळा बिघडला की शेवटी काका म्हणाले, “पोरी, नवीन घे. का हा ब्रेकच आवडतो तुला?” पाणक्या चाकावर असा वाकला की त्याचे लाल झालेले कान तेवढे दिसले. दोघं बोलायची हवापाण्याचं, साखळीच्या तेलाचं, बाबांच्या गुडघ्याचं. जे बोलायचं ते दोघांच्याही ओठांवर येऊन माघारी जायचं. संघ बुडाल्याचं ओझं त्याच्या मनावरून अजून उतरलं नव्हतं. तिला ते दिसत होतं, आणि तिला घाई नव्हती.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका छोट्याशा संघानं त्याला घेतलं. पगार नाही, प्रवासखर्च तेवढा. जर्सी कोरी पांढरी. पहिलीच शर्यत शहराबाहेरच्या रस्त्यावर होती. जावं की नाही असं तिचं चाललं होतं, तर बाबा चपला घालून दारात उभे. म्हणाले, “पाय मोकळे करायला येतो. बाकी काही नाही.”

वळणावर फारशी गर्दी नव्हती. पुढचा घोळका सूं करून निघून गेला. मागून, एकटाच, पांढऱ्या जर्सीतला तो आला. घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हलकेपण होतं. त्यानं तिला पाहिलं... आणि चक्क ब्रेक लावले.

“अहो, थांबता काय?” ती म्हणाली. “शर्यत चालू आहे.”

“असू दे. दुकानात काका असतात... तिथं बोलता येत नाही.” त्याला धाप लागली होती. “मला तुम्ही आवडता. त्या केबिनमधल्या दिवसापासून. फार लांबला होता तो दिवस—”

“मला नव्हता लांबला,” ती हळूच म्हणाली.

तो बघतच राहिला. रस्त्यावरून आणखी दोघं सायकलवाले गेले. त्याला त्याचं काही नव्हतं.

“मग... संध्याकाळी घरी येऊ? तुझ्या बाबांना भेटायला?” त्याच्या तोंडून ‘तुझ्या’ निघून गेलं, आणि दोघांनाही ते ऐकू आलं.

“बाबा हे काय, इथेच उभे आहेत,” ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उतरला की पाहून घ्यावं. डोक्यावर हेल्मेट, एक पाय पेडलवर, अशा अवस्थेत त्यानं हात जोडले. बाबा हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत होते. गर्दीतल्या बायका कान देऊन ऐकत होत्या.

“आधी शर्यत पूर्ण करा,” बाबा म्हणाले. “मग या. स्वयंपाकाचं हिच्या आईला सांगून ठेवतो.”

आणि पुढे होऊन त्यांनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला ढकललं, चांगलं चार पावलं धावत जाऊन, गुडघ्याची तक्रार न करता.