गेलेला डाग

माझ्या दादाची लाँड्री आहे आणि त्या लाँड्रीची एक वेबसाइट आहे. दुसरा भाग ऐकून लोक हसतात. पण एके काळी कुठला डाग कशाने जातो हे विचारायला माणसं आमच्याच पानांवर यायची. शाईचा, गंजाचा, मेणाचा, लिपस्टिकचा. शेवटचा विचारणारे बहुधा पुरुष असत आणि घाईत असत.

ती पानं वहिनी लिहायची. लिहायची म्हणजे आधी करून बघायची. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलामागे तिने दोरी बांधली होती, तिच्यावर चिमट्यांना लटकलेले कापडाचे तुकडे. तुकडा डागवायचा, धुवायचा, वाळवायचा आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरायचा. डागाची सावली जरी राहिली तरी पान रद्द. एकेका पानाला आठवडा जायचा.

मी म्हणायचे, "वहिनी, एवढ्या वेळात लोक लग्न ठरवून मोडतातसुद्धा."

"उजेडात धरून बघत नाहीत ना, म्हणून मोडतात, वन्सं."

चिडली की मी वन्सं. एरवी नुसतं 'अगं'.

मी पोटासाठी वेबसाइटींचे आकडे बघते. कुठलं पान वर गेलं, कुठलं बुडालं, कशामुळे. सर्च इंजिन अधूनमधून आपली पारख बदलतं, त्याला अपडेट म्हणतात. ज्यांची पानं वर चढतात ते त्याला न्याय म्हणतात, ज्यांची घसरतात ते कारस्थान. दोन्ही पार्ट्यांचे फोन मला येतात.

दादा गुणाकाराचा माणूस. त्याने एका बाजूला डाग मांडले, दुसऱ्या बाजूला कापडं, आणि मधे एक सॉफ्टवेअर बसवलं. प्रत्येक डाग गुणिले प्रत्येक कापड, प्रत्येकाचं वेगळं पान. मखमलीवरचं ग्रीस, लोकरीवरचं दूध, तंबूवरचं अंडं.

"तंबूवर अंडं कोण सांडतं रे?"

"जगात एक तरी असेलच की."

वहिनीची पानंसुद्धा त्याने त्याच साच्यात ओतून घेतली. "तुझं एक पान होईस्तोवर जग कुठल्या कुठे जातं," एवढंच तिला म्हणाला. तिने दोरीवरचे तुकडे उतरवले, चिमटे डब्यात भरले आणि काउंटरवर जाऊन बसली. त्यानंतर तिने एक ओळ लिहिली नाही. दादाने ती चांगली गोष्ट समजली. काउंटरला माणूस मिळाला.

आकडे चढत गेले. मग एक अपडेट आलं. ज्याने स्वतः हात ओले केलेत त्यालाच वरची जागा, असं काहीसं त्याचं धोरण होतं. आमची पानं जिन्यावरून सुटलेल्या बटाट्यांसारखी गडगडत खाली आली.

"ज्यासाठी हिला उठवलं, तेच आता मागतायत," दादा म्हणाला. "तू सांग ना तिला. परत लिही म्हणावं."

"तूच सांग. तूच उठवलंस."

तो काउंटरपर्यंत गेला, हँगरचा गठ्ठा उचलून परत आला. माफी मागायची नवऱ्यांची ही एक पद्धत आहे.

मी रोज सकाळी त्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून अहवाल बघायचे. लोकांनी काय टाइप केलं आणि त्यांना आमचं कुठलं पान दिसलं, ते त्यात कळतं. हा अहवाल कायम दोन दिवस मागे असतो. आज सोमवार असेल तर शनिवारचं दिसतं. आणि एकट्यादुकट्याने विचारलेलं वाक्य त्यात येतच नाही. कुणाची खाजगी बाब उघडी पडू नये म्हणून ते झाकलेलं असतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण त्या सकाळी यादीत फक्त एकच वाक्य उरलं होतं.

'गेलेला डाग परत कसा आणायचा'

शोधणारा एकच. आमचं पान पहिल्या क्रमांकावर.

"चुकून उलटं लिहिलं असेल," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी: 'खांद्यावरचा दुधाचा डाग धुतला परत हवा'. त्याच्या पुढच्या दिवशी: 'पांढऱ्या शालीवर बाळाच्या तोंडचं दूध डाग परत'. आणि मग: 'बाळ नाही डाग तरी'.

दादाने लॅपटॉप मिटला. मी उघडला. मला वाटलं, कुणीतरी यंत्र लावून थट्टा करतंय. असे उद्योग करणारे असतात. पण थट्टा करणारा दिवसाला एकदाच येऊन थांबत नाही.

वहिनी इस्त्रीचे कपडे न्यायला आत आली होती. माझ्या खांद्यावरून तिने ते वाचलं.

"यांना आपलं कुठलं पान दिसतंय?"

'लोकरीवरचं दूध'. गुणाकारातलं. तिने उभ्या उभ्याच वाचून काढलं.

"हे कुणी करून पाहिलं होतं?"

दादा चिमट्यांचा डबा उगाच सरळ करत होता.

"आणि शेवटची ओळ कुठाय?"

तिच्या प्रत्येक पानाखाली एकच ओळ असायची: हा डाग खरंच काढायचा आहे ना, एकदा घरात विचारून घ्या. काउंटरवरही ती प्रत्येकाला हे विचारायची. लोक वैतागायचे. पण कधीतरी एखादा शर्ट हातात धरून थांबायचा, पुन्हा घडी घालायचा आणि न धुताच घेऊन जायचा.

"सगळ्या पानांवर तीच ओळ होती गं," दादा म्हणाला. "तोचतोचपणा दिसला की सर्च इंजिन मार्क कापतं. पान खाली जातं. म्हणून काढली."

वहिनीने खुर्ची ओढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती त्या टेबलाशी बसली. दादाचा चेहरा मला बघवेना. त्याला हवं होतं तेच घडत होतं, आणि असं घडायला नको होतं.

तिने पानावरचा सगळा मजकूर पुसला आणि थोडकंच लिहिलं. गेलेला डाग परत येत नाही. आम्ही हे करून न बघता लिहिलं होतं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते राहून गेलं. चूक आमची आहे.

पान चढवलं आणि मी सहज अहवाल उघडला. नवं वाक्य आलं होतं.

'विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं'

मी तारीख बघितली. पुन्हा बघितली. परवाची होती. परवा वहिनी काउंटरवर बसली होती आणि या पानावर यातला एक शब्दही नव्हता.

मी काय काय तपासलं ते सांगत बसत नाही. घड्याळं, सर्व्हर, दुसऱ्या देशाची वेळ. आकडे माझ्याशी कधी खोटं बोललेले नाहीत. तेव्हाही बोलत नव्हते, हीच तर अडचण होती.

दादाने त्या दिवशी गुणाकाराची सगळी पानं उडवली. वेबसाइटवर जवळपास काहीच उरलं नाही. 'लोकरीवरचं दूध' हे पानही गेलं. तरी दुसऱ्या सकाळी त्या नसलेल्या पानावर पुन्हा एकच जण येऊन गेल्याची नोंद होती. उडवलेली पानं काही दिवस दिसत राहतात, तसं होतं. वाक्य मात्र नवं होतं: 'करून बघा'.

"नको," मी म्हटलं. "वहिनी, हे आपलं काम नाही."

"मग कुणाचं?"

तिने पांढऱ्या लोकरीचे तुकडे कापले. दादाने न सांगता दोरी बांधली. चिमटे एकेक करून तो तिच्या हातात देत होता, आणि ती घेत होती. दूध लावलं, वाळवलं, उजेडात धरलं. साधे पिवळट डाग. त्यातलं काहीच आम्ही कुठे लिहिलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

आता सकाळची वाट न बघता अहवालात आलं: 'असा नव्हता'.

वहिनीने दूध कोमट केलं.

'याहून लहान'

तिने बोटाने टेकवलं.

'ओठाएवढा'

"पुरे झालं," दादा म्हणाला. तिचं मनगट धरलं त्याने. "माझ्यामुळे झालं ना हे? मग मी करतो. तू ऊठ."

"तुम्हाला जमणार नाही," ती म्हणाली. रागाने नाही. "तुम्ही घाई करता."

तिने एक कोरा तुकडा घेतला. त्याला दूध लावलं नाही. नुसताच आपल्या डाव्या खांद्यावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर कुणीतरी दुकानाची घंटा वाजवली आणि थांबून निघून गेलं.

मी लॅपटॉपकडे पाहिलं.

'हाच'

तारीख परवाची.

दादाने तिच्या खांद्यावरून तुकडा उचलायला हात पुढे केला आणि बोट टेकताच मागे घेतला.

"ओला आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "गरम आहे."

त्यानंतर ते वाक्य पुन्हा कधी आलं नाही. कुठलंच आलं नाही. पुढचं अपडेट आलं आणि गेलं. त्यात आमचं वर-खाली व्हायला काही शिल्लक नव्हतं.

दादाला वहिनी त्या टेबलाशी परत हवी होती. ती बसते तिथे, रोज सकाळी, खिडकीपाशी. पण लिहीत नाही. लिहायला दोन्ही हात लागतात, असं ती म्हणते, आणि तिचा डावा हात मोकळा नसतो. तो खांद्याशी वाकलेला असतो, तळवा इवल्याशा पाठीवर ठेवल्यासारखा आणि किंचित हलता. दादा तिच्यासमोर चहा ठेवतो आणि पेल्याचा आवाज होऊ देत नाही.

काल एक गिऱ्हाईक आलं, कोट टाकायला. दार ढकलून आत येतानाच मोठ्याने बोलणारा गृहस्थ; आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला, आम्हाला न ओळखणारा. मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्याने तिकडे पाहिलं, वाक्य मधेच तोडलं आणि काउंटरवर माझ्याकडे वाकून कुजबुजला, "माफ करा हं. आत्ताच झोपलंय वाटतं."