शेवटच्या रांगेतला हुंकार

भाची पोस्टात शिक्के मारायची आणि गोष्टही तशीच सांगायची, धडाधड. "एका बाईच्या घरात तिचा भाऊ लपला होता, तर झालं काय..." अशी तिची सुरुवात. आत्या कपाळाला हात लावायची. "अगं, भाऊ पहिल्याच वाक्यात बाहेर काढलास, आता शेवटाला काय उरलं? तू गोष्ट सांगत नाहीस, पार्सल टाकतेस!"

पण आत्याच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज बसला आणि वाचनालयातली तिची रविवार दुपारची गोष्ट भाचीच्या गळ्यात पडली. ग्रंथपालांनी साफ सांगितलं होतं, "आज लोक मधूनच उठले, तर हॉल टेबल टेनिसवाल्यांना." आत्याने उभं आयुष्य जिथे माणसं जमवली, तो हॉल एका दुपारीत जाणार होता.

आत्या शेवटच्या रांगेत, पुस्तकांच्या कपाटांशी एकटीच बसली. फरशीवर उन्हाचे पट्टे, हवेत जुन्या कागदांचा गोडसर वास.

"एका बाईने घराला कुलूप लावलं," भाची म्हणाली, "आणि बाजारात गेली."

"हुं," मागून बसका हुंकार आला.

आत्याच ती! भाचीला धीर आला आणि ती सुसाट सुटली. बाजार, पिशवी, तुटलेली चप्पल. हुंकार बंद. लोकांची चुळबुळ सुरू झाली. तिने वेग आवरला.

"बाई परत आली. कुलूप जसंच्या तसं. तिने ते काढलं. दार ढकललं." भाची थांबली. "आतून कडी होती."

"हुं." या वेळी मधल्या रांगेतून आल्यासारखा.

ग्रंथपालांनी चष्मा काढला. भाचीला आता भलतीच मजा येऊ लागली. भाऊ जिभेच्या टोकाशी आला होता, तिने तो गिळून टाकला. फटीतला उजेड दाखवला. बाईला हळूच हाक मारायला लावली. ती थांबली की हुंकार यायचा, आणि दर वेळी थोडा पुढून. एकदा हुंकार येताच तिने मागे पाहिलं, तर आत्या नेमकी पाण्याचा घोट घेत होती.

भाचीच्या मानेवर काटा आला.

"बाईने दाराला कान लावला."

"हुं." अगदी तिच्या कानाशी. गार.

"आत कुणीतरी श्वास रोखून उभं होतं."

हॉलनेही रोखला.

हुंकार आला नाही. भाची वाट बघत राहिली. सगळेच राहिले.

मग कडी निघाली आणि मागच्या दाराने शिरलेला भाऊ पोराबाळांसकट बाईच्या गळ्यात पडला! टाळ्या, हशा, नुसता कल्लोळ. "हात मेल्या!" एक आजोबा त्या भावालाच ओरडले. ग्रंथपाल डोळे पुसत म्हणाले, "टेबल टेनिसवाल्यांना म्हणावं, दुसरी जागा बघा."

लोक गेल्यावर भाचीने आत्याला मिठी मारली. "हुंकार तूच देत होतीस ना? त्यामुळेच जमलं गं! मी घाई केली की तू गप्प."

आत्या तिच्या ओठांकडे बघत हसली. "मी कसला देतेय हुंकार? कानातलं यंत्र घरीच राहिलं. एक अक्षर ऐकू आलं नाही मला. पण लोकांचे चेहरे बघितले आणि देव पावला म्हटलं!"

दिवे मालवून भाचीने दाराला किल्ली लावली. रिकाम्या हॉलमधून हलका, बसका आवाज आला.

"मग?"

भाची जागच्या जागी थिजली.

दाराकडे पाठ करून पायऱ्या उतरणारी आत्या मागे न वळताच लाडाने म्हणाली, "जरा दम धर की गं! पुढची गोष्ट पुढच्या रविवारी."