दिग्गीच्या वाटेवरचा दुसरा नाका

दिग्गीतल्या गिरणीचा पट्टा तुटून तीन दिवस झाले होते. घरोघरी दळण खोळंबलेलं. म्हणून शिवानंद जीप घेऊन रामनगरला गेला, पट्टा मिळवला, जोयड्यात चहा घेतला आणि रात्री घराकडं निघाला. एवढंच काम होतं.

"तारीख बी सांगतो," झिलूमामा म्हणाले. अणशीतल्या त्यांच्या पडवीत वीज गेलेली, समोर पाच-सहा पोरं मांडी घालून बसलेली. "तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवारची अवस. त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलंय. आणि शिवानंद खोटं बोलणारा न्हवं. मुळात बोलतोच कमी."

कमी बोलायला तो परदेशात शिकला होता.

जेसीबी चालवण्यात शिवानंदचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. रस्त्याच्या कामावर म्हणून त्याला एका ठेकेदारानं नेलं ते थेट कुर्दांच्या डोंगरात. त्यांच्या शेजारच्या देशाचं सैन्य तिथं घुसून बसलेलं. जोडीला त्यांनी पोसलेल्या टोळ्या. तोंडाला फडकी बांधलेले, हातात बंदुका, कुणाच्याही घरात शिरणारे. आणि वरच्या कड्यांत कुर्दांची पोरं-पोरी. अंधार पडला की उतरायची, चौकी उडवायची, उजाडायच्या आत गडप.

"गनिमी कावा," मामा म्हणाले. "आपल्याला काय नवा हाय व्हय?"

"पोरी बी?" पोरांतल्या सोनालीनं विचारलं.

"पोरीच पुढं."

त्यातली एक शिवानंदनं पाहिली होती. झोझान नाव. वय वीस-बावीस, पाठीवर जाड वेणी. एका संध्याकाळी ती सरळ त्याच्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. शिवानंदला तोवर कामापुरती अरबी येत होती, तिलाही.

"हे मशीन कुणाचं?" तिनं विचारलं.

"मालकाचं."

"आणि हा डोंगर?"

ती हसली आणि झाडीत निघून गेली.

पुढच्या वेळी त्यानं तिला पाहिलं ते खड्ड्याच्या काठावर. टोळीवाल्यांनी पहाटे त्याला झोपेतून उठवून नेलं होतं. सात जणांना मारून ओळीनं निजवलेलं, त्यांत ती. खड्डा त्याच्याकडूनच खणून घेतला. माती त्याच्याकडूनच लोटून घेतली. वर दगड नाही, खूण नाही. मग म्होरक्यानं बंदुकीची नळी त्याच्या गळ्याला लावली.

"काय पाहिलंस?"

"वला शी," शिवानंद म्हणाला. काहीच नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक नाक्यावर त्याला तेच विचारायचे. येता-जाता. हसत हसत. आणि तो तेच सांगायचा. वला शी.

कामगारांच्या छावणीला भाकरी पुरवणारी एक बाई होती, हजाल. झोझान तिचीच पोर. तिला कुणीतरी सांगितलं, त्या पहाटे हिंदी माणसाचं मशीन चालत होतं. ती आली. ओरडली नाही, रडली नाही. "माझी लेक कुठं आहे तेवढं सांग. मला तिला नीट निजवायची आहे."

शिवानंदनं मान खाली घातली. "वला शी."

बाईनं त्याच्याकडं बघितलं. मग टोपलीतली गरम भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली, रोजच्यासारखी. आणि गेली.

"ती भाकरी गळ्याखाली उतरंना म्हणाला," मामा म्हणाले.

महिन्याभरात तो काम सोडून परत आला. बायकोला, गिरजाला, एक अक्षर सांगितलं नाही. जेसीबीला पुन्हा हात लावला नाही. जीप घेतली, जोयडा-दिग्गी माणसं ने-आण करू लागला.

तर ती अवसेची रात्र. जंगल खात्याच्या नाक्यावर राखणदारानं आडवा बांबू उचलला. दहा वाजून चाळीस मिनिटं झालेली, त्यानं वहीत तशी नोंद केली. "सावकाश जा रे," म्हणाला.

त्या नाक्यानंतर दिग्गीपर्यंत दुसरा नाका नाही. "तुम्हाला ठावं हाय. मला बी ठावं हाय," मामा म्हणाले.

दोन वळणं गेली. रातकिडे ओरडत होते. तिसऱ्या वळणावर, भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या झाडांखाली… रातकिडे थांबले. सगळे एकदम.

पुढं उजेड दिसला.

रस्त्यात दोन पिंपं. त्यांवर आडवी दांडी. बाजूला विस्तव. आणि माणसं… तोंडाला फडकी बांधलेली.

शिवानंदनं ब्रेक दाबला. मागं जायला गिअर टाकू लागला. पडेना.

एक जण चालत आला. बॅटरीचा झोत तोंडावर मारला. तोच आवाज. तीच अरबी. हसत हसत.

"काय पाहिलंस?"

शिवानंदचे ओठ सवयीनं हलले. "वला…"

मागच्या सीटवर कुणीतरी हललं.

जीप रिकामी होती. जोयड्यापासून रिकामी होती.

त्यानं आरशात बघितलं. आधी वेणी दिसली. मग चेहरा. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्या माणसाकडं बघत होती. सरळ. पापणी न लववता.

तिनं काही मागितलं नाही. नुसती बसली होती… थांबली होती.

"काय पाहिलंस?" आता बंदुकीची नळी खिडकीतून आत आली. गार. गळ्याला टेकली.

आणि शिवानंदला भीतीच्याही वर चीड आली. स्वतःची. हजालची भाकरी मुकाट घेतल्याची. स्वतःच्या गावच्या वाटेवर, स्वतःच्या जंगलात, ह्यांनी मला अडवावं? किती दिवस? कुठवर?

त्यानं नळी हातानं धरली. हात भाजावा तसा गारठला, तरी सोडली नाही. आणि तो ओरडला. अरबीत नाही. आपल्या बोलीत.

"बघितलंय! सगळं बघितलंय मी! सात जण हुते! तुम्ही मारलंत, मी माती लोटली! जागा ठावी हाय मला! सांगणार हाय! तिच्या आईला सांगणार हाय! घाल गोळी… घाल!"

रानात आवाज घुमला.

मग काहीच नाही.

विस्तव नाही. पिंपं नाहीत. त्याच्या मुठीत नुसती हवा. दूर एक रातकिडा बोलला. मग दुसरा. आरशात मागची सीट दिसत होती. रिकामी.

तो घरी गेला नाही. डोंगराच्या माथ्यावर जिथं फोनला रेंज येते तिथं गाडी चढवली. भाकरीसाठी छावणीतून ज्या नंबरावर फोन करायचे, तो अजून त्याच्याकडं होता. मोडक्या अरबीत त्यानं सगळं बोलून पाठवलं. फुटलेली पाण्याची टाकी, तिथून उत्तरेला साठ पावलं, दोन कापलेल्या झाडांच्या मध्ये. शेवटी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. गावही. आता काही लपवून ठेवायचं नव्हतं.

पहाटे घरी आला तेव्हा गिरजा दारात उभी होती. त्यानं पट्टा खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. हजालचा आवाज. गावातल्या बायकांनी भर दुपारी, टोळीच्या चौकीसमोरून, फावडी खांद्यावर टाकून चाल केली होती. दीडशे बायका. चौकीवाल्यांनी हवेत गोळ्या झाडल्या. एकही बाई मागं वळली नाही. सातही सापडले. झोझानला आईनं वेणीवरून ओळखलं, गाणी म्हणत उंचावर नेऊन निजवलं, आणि वर नावाचा दगड लावला. कुर्दांच्या अक्षरांत.

"सोबत एक फोटो हुता," मामा म्हणाले. "बाईनं विचारलेलं, हे काय हाय, आमच्याकडं कुणालाच ओळखंना. शिवानंदनं मला दाखवला. म्हणाला, मामा, तुम्हीच सांगा."

मामांनी आपली मूठ मिटून पोरांपुढं धरली.

"पोरीची मूठ मिटलेली हुती. हाडंच उरलेली. आईनं ती उघडली तर आत पान." त्यांनी पडवीबाहेरच्या अंधाराकडं बघितलं. "भिरंडीचं. ते झाड आपल्याच घाटात. त्या मुलखात न्हाई…

"हिरवंगार हुतं रे. देठातून चीक गळत हुता."