बॅबिलोनची नळी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. डिचोलीत बारा वर्षं खनिजाचा ट्रक हाकला. भूत भेटलं तर पुढच्या नाक्यापर्यंत सोडीन, असं म्हणायचो.

धाकटा भाऊ महादेव इराकात बांधकामावर. जुन्या बॅबिलोनच्या अवशेषांजवळ पाया खणताना त्याला मातीची हातभर नळी सापडली. सुट्टीवर येताना ती तो कोरगावला घरी घेऊन आला. तिथली पूर्वीची माणसं म्हणे मेलेल्याला घरातच जमिनीखाली पुरायची आणि नाव घेऊन नळीतून पाणी घालायची. घालणारं कुणी उरलं नाही, की मेलेले तहानलेले भटकायचे. आम्ही हसलो.

तो परत गेला आणि उन्हाळ्यात त्याच्या कामगारछावणीला आग लागली. मृतांच्या यादीत महादेवचं नाव आलं, देह आला नाही. दर्भाचा पुतळा जाळून दिवस केले. दहाव्याला कावळा काही शिवेना. शेवटी आईने हात जोडले.

"म्हादेवा, तुका तान लागली आसतली. तुका आनी तुज्यावांगडा जळलेल्या सगळ्यांक मी रोज पाणी घालतलंय."

तिचं बोलणं संपायच्या आत शेकडो कावळे पिंडावर उतरले.

त्याच दुपारी आईने नळी अंगणात पुरली. आधी तांब्याभर, मग कळशी, मग दहा कळशा. ओल कुठेच दिसेना. नुसतं घटघट...

"आई, पुरे गो."

"गप... आयक."

मी कान लावला. 'आई... तान...' आवाज महादेवचाच. त्याच्यामागे आणखी पुष्कळ जण गिळत होते. मी आईला अडवायला हवं होतं. मी कळशी भरून आणली.

आई वाळत गेली. प्यायलेलं पाणी अंगी लागेना. सलाईन लावून घरी आणलं, तशी उठून पुन्हा अंगणात. परवा तिथेच तिने प्राण सोडला.

आज दुपारी परक्या नंबरावरून फोन आला.

"रुद्रेश, मी जितो आसंय रे! हॉस्पिटलात दुसऱ्याच्या नावान पडलेलंय. आईक फोन दी..."

मग आईने जीव घालवला तो कुणासाठी? फोनवर महादेव "आई खंय?" विचारत होता, आणि अंगणातून हळूच हाक आली.

'रुद्रेश... तान...'

आईचा आवाज. महादेवचा खोटा होता, तसा हाही खोटाच. मला कळतं. पण आई शेवटच्या दिवसांत पाण्यासाठी कशी तळमळली, ते मी पाहिलं होतं.

मी फोन ठेवला आणि कळशी घेऊन विहिरीवर गेलो.