गुरुवारचा लायसनवाला

"या अल्ला! लायसनवाला आला गं!"

रहिमाबीच्या हातातली परात खणकन खाली पडली आणि तिची मुलगी नजमुन्निसा धावत पुढे आली. तिने खिडकीतून पाहिलं... खाकी शर्टातला एक उंच तरुण सायकल भिंतीला टेकवून मान वर करून उभा होता. त्यांच्या छपरावरच्या, रेडिओच्या तांब्याच्या तारेकडे टक लावून! तारेवर अब्बांची लुंगी आणि अम्माच्या दोन ओढण्या वाळत होत्या खऱ्या, पण कपडे वाळवायला कुणी बांबू उभारून तांब्याची तार ओढत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

रेडिओ होता देहूरोडच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचा. नजमाचा बाप नूरमोहम्मद त्याच्याकडे खानसामा होता. विलायतेला परत जाताना साहेबाने रेडिओ त्याला बक्षीस देऊन टाकला. मग नूरमोहम्मदने चिंचवडला येऊन पाव-बिस्किटांची भट्टी टाकली, तिला आता आठ वर्षं होत आली. पण रेडिओ बाळगायला लागणारं सरकारी लायसन काही त्याने काढलं नाही. "राज्यच गेलं, तर लायसन कुणाला दाखवायचं?" असं तो छाती काढून म्हणायचा. आणि गल्लीत खाकी कपडा दिसला, की पहिला तोच भट्टीमागे दडायचा.

नजमाने घाईघाईने रेडिओवर गोधडी टाकली. मात्र घाईत बटण बंद करायचं राहिलं. दार उघडलं, तेव्हा गोधडीखाली पन्नास-शंभर माणसं खो खो हसत होती!

"घरात... पाहुणे आहेत वाटतं?" त्या तरुणाने विचारलं.

"आजी आहे. तिला खोकला झालाय," नजमा म्हणाली. घरात आजी नव्हतीच.

"आजी इंग्रजीत खोकते?"

नजमाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तो मात्र उंबऱ्याशी उभा राहून कान देऊन ऐकत होता. गोधडीखालून कुणीतरी काहीतरी बोललं, आणि तो चक्क हसला. हसण्याच्या जागी, बरोब्बर! नजमा बघतच राहिली. दर गुरुवारी दिवस कलताना लंडनहून तो कार्यक्रम लागायचा. चार शहाणी माणसं टेबलाभोवती बसायची, पाचवा त्यांना वेडेवाकडे प्रश्न विचारायचा, आणि ती अशी काही उत्तरं द्यायची की समोर बसलेल्यांची मुरकुंडी वळायची. छावणीत वाढल्यामुळे नजमाला ते इंग्रजी कळायचं. त्या हसण्यात आपण या गल्लीत एकट्याच आहोत असं तिला वाटत आलं होतं. आणि आज हा कोण कुठला...

"गोधडी काढा, नाहीतर आजीचा जीव गुदमरेल," तो हळूच म्हणाला. "आणि तापून धूरही निघेल."

तेवढ्यात मागच्या दाराने नूरमोहम्मद आला. हातात गरम नानकटाईचं ताट, चेहरा चुन्यासारखा पांढरा. "साहेब, गरीबखाना आपलाच समजा! बसा, खा. तपासणी काय, सवडीनं करा."

तरुणाने आधी ताटाकडे पाहिलं, मग रेडिओकडे, मग नजमाकडे. क्षणभर त्याचे ओठ हलले... आणि तो मुकाट्याने बसला.

दुसऱ्या गुरुवारी तो पुन्हा आला. तिसऱ्याही. नाव कादर, घर कोकणात, एवढंच त्याने सांगितलं. नूरमोहम्मद भट्टीवर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे, "आमचा लायसनवाला काय माणूस आहे राव! लाच मागत न्हाई, वरडत न्हाई. नुसता रेडिओ तपासतो."

थंडी पडली आणि घात झाला. नजमाने रेडिओच्या काचेवर काजळाचा ठिपका लावून ठेवला होता, पण ठिपक्यावर काटा आणला तरी हसू सापडेना! नुसती खरखर, शिट्ट्या, कुठल्याशा देशाचं भाषण.

"थंडीत स्टेशनं जागा सोडतात," कादर म्हणाला. "जहाजावर आमचा वायरलेसवाला सांगायचा. हळू फिरवा... अजून हळू."

"तुम्हीच फिरवा ना."

"माझी बोटं जाड आहेत. तुमची चालतील."

नजमाने बटण धरलं. त्याने फक्त एका बोटाने तिची करंगळी किंचित डावीकडे सरकवली — आणि खरखरीतून एकदम हशा उसळला! दोघंही लहान मुलांसारखी हसली. बोट मात्र काढायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. आणि तेव्हाच नजमाला त्याच्या नखांतलं काळं ग्रीस दिसलं.

"लायसनवाल्याच्या नखांत ग्रीस?" ती दचकून म्हणाली. "आणि जहाज कसलं? कोण आहात तुम्ही?"

त्याचा चेहरा उतरला. "पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात बॉयलरवर फिटर आहे. आधी जहाजावर होतो. तिथेच हा कार्यक्रम ऐकायची सवय लागली. इथे खोलीवर रेडिओ आहे, पण तार बांधायला मालक देत नाही. त्या दिवशी गल्लीतून जाताना ते हसणं कानावर आलं, म्हणून वर तार शोधत होतो... तुम्हीच मला लायसनवाला केलंत."

"आणि तुम्ही झालात!"

"झालो. नाहीतर दुसऱ्या गुरुवारी दार कोण उघडणार होतं?"

नजमा संतापली. तीन महिने हा माणूस बापाला फसवून फुकट नानकटाई खातोय! हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं असं तिच्या जिभेवर आलं. पण सांगितलं की गुरुवार संपले. तिने तोंड फिरवलं आणि म्हटलं, "पुढच्या वेळी... नखं घासून या."

पुढच्या गुरुवारी त्याची नखं लख्ख होती, आणि नूरमोहम्मद नवी टोपी घालून बसला होता. रहिमाबी पडद्याआड. कादरच्या हाती चहाची कपबशी देऊन नूरमोहम्मदने घसा खाकरला.

"कादरमियाँ, मी सरळ माणूस. घरात लग्नाची पोरगी हाय. तुमच्यासारखा सरकारी, नेक माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा न्हाई. पसंत असंल तर रजबचा महिना उजाडला की निकाह लावू."

नजमाने कादरकडे पाहिलं. कादरने नुसती मान डोलवली असती, तर सगळं जागच्या जागी झालं असतं. तिच्या मनातलं, त्याच्याही. डोलव, एकदाच डोलव, असं तिचं एक मन ओरडत होतं. पण दुसऱ्या मनाला ठाऊक होतं, की अब्बा आपल्याला अशा माणसाला देताहेत जो या जगात नाहीच.

कादरने बशी खाली ठेवली. "चाचा, मी लायसनवाला नाही. कधीच नव्हतो. आधी जहाजावर होतो, आता पिंपरीच्या कारखान्यात फिटर आहे."

रेडिओतली माणसं तेवढी हसत होती. नजमाने पुढे होऊन बटण बंद केलं.

"म्हंजे?" नूरमोहम्मदचा आवाज फाटला. "इतके दिवस... मी तुला साहेब, साहेब म्हणतोय, आन् तू..."

"मला ठाऊक होतं, अब्बा," नजमा म्हणाली. पडद्याआडून रहिमाबीचं "हाय अल्ला" ऐकू आलं.

नूरमोहम्मद मटकन खाली बसला. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्याने कादरकडे पाहिलं. "मी पोरगी ताटात वाढून दिली होती. मान डोलवायची होतीस फकस्त. का बोललास?"

"निकाहाच्या वेळी काझी नाव आणि धंदा पुकारतील, चाचा. दोन्ही खरी असली पाहिजेत ना? मला ती हवी आहे. पण कादर फिटर म्हणून."

"आन् पुन्हा जहाजावर गेलास तर?"

"नाही जाणार. कारखान्यात कायम झालोय."

नूरमोहम्मद उठला. आता हात धरून बाहेर काढणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण तो नजमाकडे वळला.

"पोरी, रीत अशी, की मुलीला विचारायचं न्हाई. विचारलंच तर तिनं गप बसायचं, आन् गप म्हंजे हो. पण आज या घरात लई गप बसून झालं. मी तुला विचारतो, याच्यासमोर. गप बसलीस तर मी न्हाई समजंन. हवाय का तुला ह्यो?"

रहिमाबी पडदा सारून बाहेरच आली. असलं काही तिच्या माहेरी, सासरी, साऱ्या मोहल्ल्यात कधी घडलं नव्हतं. इतके दिवस खुसखुसत, गोधडीआड हसणारी नजमा... आणि आता बापासमोर, त्या माणसासमोर, मोठ्याने?

"हो, अब्बा," ती म्हणाली. "हवाय."

स्वतःचा आवाज तिला केवढा मोठा वाटला! रहिमाबीने तोंडावर हात ठेवला. कादरने आज पहिल्यांदाच सगळ्यांसमक्ष तिच्याकडे सरळ पाहिलं, आणि नजमाने नजर खाली घातली नाही.