त्रेसष्ट डब्यांआड

म्हातारा छ्यू बोगद्यात रूळ तपासताना मालगाडीखाली गेला, त्याला तीन दिवस झाले होते. वेई लानवरचे आरोपपत्र सहीची वाट पाहत पडले होते. सही झाली, की सात वर्षे तुरुंग.

ज्येष्ठ सरकारी वकील चू मूयुआन पूर्वी अकरा वर्षे अशाच आडबाजूच्या स्थानकांवर मास्तर होते. वर्ष कोणते नि बर्फ कुठला, हे त्यांना आता वेगळे आठवत नसे.

"सरळ आहे, साहेब," मदतनीस पांग म्हणाला. "गाडी येतेय ही वर्दी मास्तरांनी फोनवर लानला द्यायची, तिनं बिनतारी यंत्रावरून बोगद्यात. तिनं दिली नाही."

लान फलाटासमोर, रुळांपलीकडच्या केबिनमध्ये बसे. भिंतीशी बोलावे तशी ती बोलली. "फोन आलाच नाही. विणत होते, कबूल. गाडी एकदम बोगद्यातून बाहेर आली. दचकले, लोकरीचा गुंडा पडला. ती धडधडत असतानाच उचलला."

तोंग मास्तर तावातावाने म्हणाले, "फोन केला, बाई उचलतील तर शपथ! मग नियमाप्रमाणे फलाटावर उभा राहिलो, शेवटचा डबा जाईपर्यंत. गाडी जातेय, आणि या समोर खिडकीत विणतायत! गुंडा पडला तर वाकून उचलला, यंत्राला हात नाही."

केबिनशेजारच्या खानावळीतल्या हानकाकू वैतागल्या. "तो वर्षातला सगळ्यांत लहान दिवस, घरोघरी डंपलिंग खायचा! कोण कधी आलं, मी काय घड्याळ घेऊन बसते? पहिलं पातेलं मात्र मास्तरांचं. गार झालं की तोंड वाकडं."

"दोघांचं जुळतंय, साहेब. गुंडासुद्धा."

"म्हणूनच," चू म्हणाले.

त्यांनी तोंगना आणि पांगला फलाटावर नेले. कोळशाची गाडी आली. चू ताठ उभे राहिले.

"पांग, काय दिसतं?"

"कोळसा."

"केबिन?"

पांगने टाचा उंचावून पाहिले. "डब्यांआड गेली."

"त्या दिवशी त्रेसष्ट डबे होते. गुंडा पडलेला खरा. तो पाहणारा रुळांच्या पलीकडे होता. खानावळीच्या दारात."

तोंग पुटपुटले, "दहाच मिनिटं गेलो होतो."

"शेजारच्या स्टेशनहून सुटलेल्या गाडीला इथवर सहा लागतात. तिथून आलेला वर्दीचा फोन तुमच्या रिकाम्या खोलीत वाजला."

चूंनी आरोपपत्रावर आडवी रेघ मारली.

"साहेब, तुम्हीही मास्तर होतात," तोंग म्हणाले. "अशा थंडीत तुम्ही कधीच गेला नाहीत?"

"गेलो. पुष्कळदा. तेव्हा बोगद्यात कुणी नव्हतं, इतकंच."