कांताबाईंची अपॉइंटमेंट

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या लायब्ररीत अनुया दर शनिवारी इंग्रजी शिकवायची. पगार नव्हता, आवड होती. शिकणारे सगळे मोठे. अडलं की ती मराठीत समजावून सांगायची. त्या शनिवारी दार ढकलून एक उंच तरुण आत आला. जॅकेटवरून पावसाचं पाणी निथळत होतं.

"माझा आईला शिकायची आहे," तो म्हणाला.

"माझ्या आईला शिकायचंय," अनुयानं सवयीनं दुरुस्त केलं.

"अरे... तुझ्या आईला पण?"

अनुयाला हसू आवरेना. कशाला हसतेय ते न कळताच तोही हसला.

त्याचं नाव सम्यक. जन्म इथलाच. मागून छत्री मिटत आलेल्या त्याच्या आई, कांताबाई, मात्र इतकी वर्षं इथे राहून इंग्रजी कधी बोलल्याच नव्हत्या. बँक, कौन्सिल, डॉक्टर, सगळं त्यांचे यजमान बघायचे. ते गेल्यावर सम्यक बघू लागला.

कांताबाई भराभर शिकल्या. एका शनिवारी, सम्यक कॉफी आणायला गेल्यावर, त्यांनी हळूच विचारलं, "अनुया, अंगावरून जातंय... हे डॉक्टरांना कसं सांगायचं? पाळी बंद होऊन किती वर्षं झाली. सम्यक बरोबर असतो. पोराच्या तोंडून हे कसं सांगू? मग मी गुडघे दुखतात एवढंच सांगते."

अनुया गंभीर झाली. "काकू, हे अंगावर काढू नका. दुभाषी मागता येतो. नाहीतर मी येते आत."

"आत नको. बाहेर बस. माझं मला सांगायचंय."

मग त्या दोघींनी डॉक्टरांना सांगायची इंग्रजी वाक्यं पुन्हा पुन्हा म्हटली. सोमवारी कांताबाईंनी स्वतः फोन करून अपॉइंटमेंट घेतली. ते कळल्यावर संध्याकाळी सम्यकचा अनुयाला फोन आला.

"काय झालंय आईला?"

"ते त्या सांगतील."

"तुला माहिती आहे."

"हो."

"आणि तू सांगणार नाही."

"नाही."

"डॅड गेल्यावर मला फक्त ती आहे, अनुया."

तिला सांगून टाकावंसं वाटलं... पण ती एवढंच म्हणाली, "म्हणूनच त्यांना एकट्यांना आत जाऊ दे." त्यानं फोन ठेवला.

अपॉइंटमेंटच्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून दवाखान्यात गेली. कांताबाई आत गेल्या. सम्यक एक खुर्ची सोडून बसला. थोड्या वेळानं शेजारी सरकला.

"मी रागावलो होतो."

"कळलं मला."

"मग विचार केला. माझ्यापासून पण जी आईचं गुपित ठेवते..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "दर शनिवारी मी लायब्ररीत दोन तास बसतो. माझ्याकडे लायब्ररीचं कार्ड पण नाही."

"मग का बसतोस?"

"तिथून तू दिसतेस."

अनुयानं मान खाली घातली. समोरच्या पोस्टरवरचं एक अक्षरही तिला वाचता आलं नसतं. "मला वाटायचं," ती म्हणाली, "तू बाहेर गाडीत बसतोस. कॉफी द्यायला आलास की मी... उगीच वेळ काढायचे."

त्याचा हात तिच्या हाताशी आला आणि तिथेच राहिला.

दार उघडलं. कांताबाईंचे डोळे ओले होते, पण मान ताठ. "सगळं बोलले. हॉस्पिटलात तपासायला बोलावणार आहेत. सम्यक, घरी चल, तुलाही सांगते."

तपासणीत काळजीचं काही निघालं नाही, पण ते कळायला पुढचा महिना उजाडला. दवाखान्यातून निघून त्या दुपारी तिघं गाडीपाशी आली, तेव्हा कांताबाईंनी मागचं दार उघडलं आणि आत बसून पट्टा लावला.

"काकू, तुम्ही पुढे बसा ना."

"नको. तू बस. त्याला रस्ता सांग."

"त्याला माहितीय रस्ता."

"माहितीय. तरी बस."

अनुया पुढे बसली. पहिल्याच राउंडअबाउटच्या गोल चौकात सम्यकनं वळण चुकवत दोन फेऱ्या मारल्या. मागच्या सीटवर कांताबाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या.